सहा विड्यांचं भाषण

त्रिंबक सरवदेने तीस वर्षं सोलापुरात रिक्षा चालवली आणि त्या तीस वर्षांत स्वतःचे आणि दुसऱ्यांचे धरून शे-दीडशे अर्ज केले. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी आलं नाही, की माणूस नवी पेठेच्या स्टँडवर त्रिंबकला शोधत यायचा. अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा, पोच कशी पदरात पाडून घ्यायची, साहेबाला जेवणाआधी गाठायचं की जेवणानंतर, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. "बोलल्यालं साहेब इसरतो, लिव्हल्यालं फायलीला लागतं," असं तो सांगायचा आणि ऐकणारा मान डोलवायचा.

अशा माणसाची बायको खासदाराला भेटायला निघाली होती आणि तिच्याजवळ अर्ज नव्हता. ती नुसती बोलणार होती. तेही स्वतःबद्दल नाही, गल्लीबद्दल नाही, सोलापूरबद्दलसुद्धा नाही. जिथली नावं त्रिंबकला उच्चारताही येत नव्हती, अशा देशांतल्या रोग्यांबद्दल ती बोलणार होती. त्रिंबकला हे फार लागलं होतं. एखाद्या हलवायाच्या घरच्यांनी लग्नात बाहेरून जिलेबी आणावी, तसं.

त्याची सुरुवात आठ वर्षांपूर्वीची. त्याच्या बायकोला, शालनला, तेव्हा क्षय झाला होता. विड्या वळणारी बाई, तंबाखूची धूळ लग्नापासून नाकातोंडात गेलेली. दोन महिने नुसता खोकलाच म्हणून अंगावर काढला आणि मग एक दिवस रुमालावर रक्त दिसलं. सहा महिने तिने एकही गोळी न चुकवता औषध घेतलं आणि खडखडीत बरी झाली. बरी झाल्यावर बाकीच्या बायका दवाखान्याचं तोंड बघत नाहीत, पण ही दर बुधवारी तिकडं जाऊन बसायची. नवीन रोगी रडायला लागला की त्याच्याजवळ सरकायची आणि म्हणायची, "माझ्याकडं बघा. मी बी हितंच बसून रडले हुते."

तिथंच तिला अंकिता भेटली. मोहोळकडच्या शेतकऱ्याची पोरगी, सोलापुरात कॉलेजवर शिकवणारी, बोलायला चुणचुणीत. अंकिता एका संघटनेचं काम करायची. बऱ्याच देशांत त्या संघटनेची माणसं होती आणि सगळी बिनपगारी. देणगी गोळा करायची नाही, कपडे-धान्य वाटायचं नाही, मोर्चा काढायचा नाही. प्रत्येकाने आपापल्या खासदाराला गाठायचं आणि जगातल्या गरिबांचं म्हणणं त्याच्या कानावर घालायचं, एवढंच काम.

"म्हंजी फुकटची वकिली," त्रिंबक म्हणाला होता.

"व्हय, वकिलीच की," शालन म्हणाली. "ज्यांना वकील करायला जमत न्हाय त्यांची."

गेले चार महिने शालनने गल्लीतल्या बायकांकडून पोस्टकार्डं लिहून घेतली होती. काही मराठीत, काही तेलुगूत, दोन कानडीत. ती सगळी खासदारांच्या कार्यालयात गेली आणि कुणाला वाटलं नव्हतं ते झालं. कार्यालयातून अंकिताला फोन आला. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी सकाळी अकरा वाजता या, पाच मिनिटं मिळतील.

त्या पाचातली दोन बोलायची. ही संघटनेची शिस्त होती. दोन मिनिटांत आपण कोण ते सांगायचं, दुखणं सांगायचं, त्यावरचं औषध सांगायचं आणि शेवटी स्पष्ट मागायचं. अंकिताने मोबाईलवर वेळ लावून शालनला बोलायला बसवलं तर आकडे पळताना बघून शालनची बोबडी वळायची. शेवटी तोडगा काढला दानेश्वरीने. दानेश्वरी म्हणजे शेजारीण, अक्कलकोटकडची, शालनच्या शेजारी बसून बारा वर्षं विड्या वळणारी.

"शालनक्का, ते घड्याळ ठिव बाजूला," ती म्हणाली. "दोन मिनिटांत माझ्या सहा विड्या हुत्यात. सहाव्या विडीची गाठ बसली की तुझं तोंड बंद."

तेव्हापासून दुपारच्या वेळी गल्लीत रोज हा खेळ चालला. सगळ्यांच्या मांडीवर सुपं, सुपात भिजवून कापलेली पानं आणि एका कडेला तंबाखू. पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोक नखाने आत दाबायचं, दोरा गुंडाळून गाठ मारायची. दानेश्वरी वळता वळताच खासदार व्हायची आणि मान ताठ करून "हं, बोला" म्हणायची. पहिल्या दिवशी शालनचं भाषण एकोणीस विड्या चाललं, कारण त्यात तिची सासू आली, दवाखान्यातला कंपाउंडर आला आणि त्या वर्षी पडलेली थंडीही आली. दुसऱ्या आठवड्यात चौदावर आलं. मग नऊ, आणि शेवटी सहा. शालनही वळतच बोलायची, कारण बोलायचं म्हणून कामाला खाडा कोण देणार? हात चालले की तिची जीभ चालायची.

त्रिंबक दुपारी जेवायला आला की ओट्यावर रिक्षाचा आरसा पुसत बसायचा. आपण ऐकत नाही असं तो दाखवायचा. एक आरसा किती वेळ पुसायचा यालाही काही मर्यादा असते, पण ते त्याला कुणी बोललं नाही.

एका दुपारी तो घरात शिरायला गेला आणि उंबऱ्यावरच थबकला. आतल्या खोलीत, भिंतीपासून भिंतीपर्यंत, विड्याच विड्या अंथरल्या होत्या. शालनने चार दिवस माल कारखान्यात दिलाच नव्हता.

"आता पाय कुटं ठिवू?" तो वैतागला.

"ठिवू नका," शालन म्हणाली. "हितनंच बघा. दिवसाला माझ्या आठशे हुत्यात. चार दिवसांच्या ह्या बत्तीसशे. जगात क्षयानं एका दिवसात तीन हजाराच्या वर माणसं जात्यात, असं अंकिता मॅडम म्हणाल्या. मला काय त्यो आकडा कळंना. म्हणून हातरून बघितलं."

त्रिंबक चपला हातात घेऊन उभा राहिला. हसायला आलं होतं, पण हसू फुटेना. त्या दिवशी त्याने ओट्यावरच बसून भाकरी खाल्ली आणि एक भाकरी ताटात तशीच ठेवली.

म्हणजे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण त्याचंही एक दुखणं होतं. त्याचा मुलगा संघपाल एसटीत कंडक्टर होता, थेट नंदुरबारला. तीन वर्षं झाली. बायको-मुलीला घेऊन तिकडंच खोली करून राहिला होता. नात दीड वर्षाची झाली तरी आजोबा म्हणजे मोबाईलमध्ये राहणारा माणूस, अशीच तिची समजूत होती. परवा फोनवर तिने त्रिंबकला बिस्कीट भरवलं, म्हणजे फोनच्या काचेला चिकटवलं. त्या रात्री तो पाणी प्यायला म्हणून तीनदा उठला.

सोलापूरला बदली व्हायला खासदारांचं एक शिफारसपत्र मिळालं तर काम होईल, असं त्रिंबकच्या अनुभवाने ठरवलं होतं. आणि शनिवारी त्याची बायको त्याच खासदारासमोर बसणार होती.

"शेवटाला एक कागद म्होरं सरकवायचा, बास," तो गुरुवारी म्हणाला. "मी टाईप करून आणतो. तू तोंड उघडू बी नको."

शालनचा हात सुपात थांबला. हे फार कमी वेळा व्हायचं.

"संघपाल तुमचाच हाय आन माझा न्हाय व्हय?" ती म्हणाली. "माझ्या बी पोटात तुटतंय. पर ती येळ माझी न्हाय, आवं. ती दुसऱ्यांच्या नावानं मागून घेतल्याली हाय. त्यात आपल्या घरचं घुसडलं तर मी कुटल्या तोंडानं बोलू?"

"सगळे घुसडत्यात."

"म्हणून तर साहेबलोक कुणाचं ऐकत न्हाईत."

त्रिंबक उठून रिक्षा काढून गेला. पण चाळीस रिक्षांच्या स्टँडवर ज्याच्या शब्दाला मान, तो घरात हार मानेल? शुक्रवारी त्याने संघपालला फोनवर अर्जाचं सांगून टाकलं आणि तो कलेक्टर कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडे गेला. अर्ध्याच पानावर बसेल असा नेमका मजकूर सांगितला. मा. खासदारसाहेब यांच्या सेवेशी, विषय : मुलाच्या बदलीबाबत. खाली सही केली आणि गरज नसताना कोपऱ्यात एक कोर्ट फीचं तिकीटही लावलं, कारण तिकिटाशिवाय अर्जाला वजन येत नाही असं त्याला वाटायचं.

शनिवारी सकाळी शालन डोक्याला तेल लावत होती, तेव्हा अंकिताने दिलेली प्लॅस्टिकची फाईल कॉटवर पडली होती. आत मोठ्या अक्षरांत चार मुद्दे लिहिलेला कागद आणि खासदारांनी सही करायचं पत्र. त्रिंबकने इकडेतिकडे बघितलं आणि आपला अर्ज फाईलच्या आतल्या कप्प्यात सरकवून दिला. आपणही आत जाऊ, भेट संपून उठायच्या वेळी आपणच फाईल हातात घेऊ, अर्ज काढू आणि टेबलावर ठेवू, असा त्याचा बेत होता. साहेबासमोर काही ती भांडणार नाही.

रिक्षातून जाताना शालन पुढच्या आरशात दिसत होती. ओठ हलत होते आणि मांडीवरची बोटं चाळवत होती. अंकिता तिच्या शेजारी बसली होती.

खासदारांचं कार्यालय भरलेलं होतं. बाकावर, पायऱ्यांवर, जिन्याच्या कठड्याला टेकून माणसं उभी होती आणि झाडून सगळ्यांच्या हातात कागद होते. त्रिंबकला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. दाराशी रजिस्टर घेऊन पीए बसला होता, दिग्विजय नावाचा, कडक इस्त्रीतला तरुण.

"काय काम?" त्याने मान वर न करता विचारलं.

"क्षयाबद्दल बोलायचंय," शालन म्हणाली.

"कुणाला झालाय?"

"घरात कुणाला न्हाय. जगात लई जणांना झालाय."

दिग्विजयने आता मान वर केली. शालनकडे बघितलं, अंकिताकडे बघितलं, आणि रजिस्टरात 'वैद्यकीय मदत' असं लिहून टाकलं.

तिघं आत गेली तेव्हा खासदार एकटेच होते. पन्नाशीचे, सकाळपासून शंभर माणसं ऐकून डोळे जड झालेले. समोर अर्धा चहा गार झाला होता. त्यांनी खुर्च्यांकडे हात केला. पाठोपाठ आत आलेला दिग्विजय भिंतीला टेकून उभा राहिला.

"बोला ताई," खासदार म्हणाले. "घरकुल का पेन्शन?"

शालन बोललीच नाही.

त्रिंबकला वाटलं, ती श्वास घेतेय. मग त्याला दिसलं की ती श्वासही घेत नव्हती. तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, रिकामे. महिनाभर तिने जे जे बोलून बघितलं होतं ते हात चालवत बोललं होतं. इथं मांडीवर सूप नव्हतं, पान नव्हतं, दोरा नव्हता. ही गोष्ट ना अंकिताच्या ध्यानात आली होती, ना दानेश्वरीच्या, ना तिच्या स्वतःच्या.

खासदारांनी घड्याळाकडे बघितलं. अंकिता पुढे झुकली, पण बोलली नाही. बोलणार शालनच, असं त्यांचं ठरलं होतं. त्रिंबकचे कान तापले. हिला सांगत होतो, कागद पाहिजे हातात, असं त्याच्या मनात आलं, आणि तेवढ्यात शालनने मुद्दे बघायला म्हणून फाईल उघडली. उघडताच आतल्या कप्प्यातून अर्ध्या पानाचा एक कागद घसरला आणि तिच्या मांडीवर पडला.

शालनने तो बघितलासुद्धा नाही. तिची नजर खासदारांवर होती. पण बोटांना कागद लागला, आणि तीस वर्षं दिवसाला आठशे वेळा करत आली होती तेच बोटांनी केलं. कागद तिरका धरला. अंगठ्याने कड दुमडली. वळायला सुरुवात केली.

"साहेब," शालन म्हणाली, "मी शालन सरवदे. मी विड्या वळते."

त्रिंबकने आपला अर्ज ओळखला. कोपऱ्यातलं तिकीट एकदा चमकलं आणि वळकटीच्या आत गेलं.

"आठ वर्षामागं मला क्षय झाला. सा महिनं गोळ्या खाल्ल्या, फुकट मिळाल्या, म्हणून आज तुमच्या म्होरं जित्ती बसले. आपल्यापरीस गरीब देश लई हायत, साहेब. तिथं माझ्यासारख्या बाईला ह्या गोळ्या मिळंतीलच असं न्हाय. जगात ह्या रोगानं रोज तीन हजाराच्या वर माणसं जात्यात. मला त्यो आकडा कळंना, म्हणून मी चार दिवस विड्या घरातच ठिवल्या आन हातरून बघितल्या. माझ्या मालकाला घरात पाऊल टाकायला जागा ऱ्हायली न्हाय. येवढी माणसं, एका दिवसात."

तिचा आवाज आता गल्लीतला आवाज झाला होता. अर्ज घट्ट होत चालला होता, एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला रुंद. विषय गेला, मजकूर गेला, 'आपला विश्वासू' गेलं. त्रिंबकला हात पुढे करून तो काढून घेता आला असता. एकदा त्याचा हात गुडघ्यावरून उचललाही गेला. पण ती बोलत होती. भिंतीला टेकलेला दिग्विजय सरळ उभा राहिला होता. खासदारांचे डोळे जागे झाले होते. आपण हात घातला तर ती थांबेल, हे त्रिंबकला पक्कं कळलं, आणि त्याने तो हात परत गुडघ्यावर दाबून ठेवला.

"आन औषध हाय, साहेब. नसतं तर मी गप बसले असते. हाय म्हणून बोलते. गरीब देशांतल्या रोग्यांसाठी सगळे देश मिळून एक निधी उभा करत्यात. त्यात आपला देश बी वाटा घालतो. त्यो वाटा कमी हू नये, वाढावा, असं एक पत्र तुमी अर्थमंत्र्यांना द्यावं. पत्र आमी संगं आणलंय. माझं मागणं येवढंच हाय."

बोलता बोलता तिने उघडं टोक नखाने आत दाबलं. पदराचा एक सुटलेला दोरा ओढला, वळकटीला गुंडाळला आणि गाठ मारली. गाठ बसली आणि भाषण संपलं.

पहिल्यांदा दिग्विजय बोलला. "विड्या तुम्हीच वळता, आणि क्षयावर तुम्हीच बोलता?"

"मग कुणी बोलायचं?" शालन त्याच्याकडे वळली. "तंबाखूची धूळ माझ्याच छातीत गेली की. दुसरं काम गावलं असतं तर ते केलं असतं."

खासदारांनी हाताने त्याला गप्प केलं. "ताई, माझा एक प्रश्न आहे. आपल्याच देशात क्षयाचे इतके रोगी आहेत. बाहेरच्यांचं आपण कशाला बघायचं?"

हा प्रश्न सरावात नव्हता. अंकिताचा चेहरा उतरला. शालन मात्र थांबलीच नाही.

"साहेब, ज्या मशिनीवर माझा बेडका तपासला ती बाहेरच्या निधीतनं आलती, असं डॉक्टर म्हणाले हुते. ती द्यायच्या येळी त्या लोकांनी कुटं इचारलं, सोलापूरची शालन कोण म्हणून?"

खासदारांनी हात पुढे केला. अंकिताने पत्र दिलं. त्यांनी ते एकदा वाचलं, चष्मा लावून दुसऱ्यांदा वाचलं, पेन घेतलं आणि सही केली. एका सहीने जगातला क्षय पळून जात नाही, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. पण त्रिंबकने आयुष्यभर साहेबांच्या सह्या बघितल्या होत्या. न वाचता केलेली सही कशी असते आणि वाचून केलेली कशी, हे त्याला लांबून कळायचं. ही वाचून केलेली होती. त्याची छाती आपोआप पुढे आली.

"वीस वर्षं राजकारणात आहे," खासदार म्हणाले. "या खुर्चीसमोर बसून दुसऱ्यासाठी मागणारं माणूस क्वचित बघितलं." मग खुर्चीत पुढे सरकून ते म्हणाले, "आता तुमचं स्वतःचं काही काम असेल तर सांगा. संकोच करू नका. मी शब्द देतो."

"काही न्हाय साहेब," शालन म्हणाली. बोलताना तिची नजर क्षणभर खाली गेली. संघपाल तिच्याही डोळ्यांपुढे आला असणार.

खासदार त्रिंबककडे वळले. "काका, तुमचं?"

तीस वर्षांत कुठल्याही साहेबाने त्रिंबकला आपणहून असं विचारलं नव्हतं. काचेला बिस्कीट चिकटवणारी नात त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तोंड उघडायचा अवकाश होता. कागदाचीही गरज नव्हती.

"आणि ताई, तुमच्या हातात ते काय आहे?" खासदारांना आता वळकटी दिसली. "ते पण द्यायचंय का मला?"

शालनने पहिल्यांदाच आपल्या हाताकडे बघितलं. लाजून ती गाठ सोडायला गेली. "अगं बया! कसला कागद वळला म्हणायचा मी..."

"ऱ्हाऊ दे," त्रिंबक म्हणाला आणि तिच्या हातातून वळकटी काढून घेतली. "काही न्हाय साहेब, रद्दी हाय. तिच्या हाताला सवय हाय." मग त्याने घसा साफ केला. "आन माझं काम म्हणाल तर झालं की. हिला घेऊन आलो, हेच माझं काम."

आणि त्याने ती वळकटी, विडी कानावर खोचतात तशी, कानावर खोचली.

बाहेर आल्यावर अंकिताने शालनला मिठी मारली आणि फोन लावत लावत कोपऱ्यात गेली. रिक्षाजवळ शालन थांबली.

"द्या बघू ते हिकडं."

"कशाला?"

"द्या म्हणते ना."

तिने दोरा सोडला. कागद उलगडला. कोपऱ्यातलं तिकीट बघितलं, विषय वाचला, आणि रिक्षाच्या पायरीवर बसली. "माझ्याच लेकराचा अर्ज," ती म्हणाली, "माझ्याच हातानं."

"मीच घातला हुता चोरून," त्रिंबक म्हणाला. "तुला नको म्हणत असताना. चूक माझी हाय."

"मग साहेब इचारत हुते तवा का न्हाय बोलला?"

त्रिंबकने फडकं काढलं. तो रिक्षाचा आरसा पुसायला लागला. "तू म्हणलीस की, ती येळ आपली न्हाय," तो आरशाकडे बघत म्हणाला. "मला गुरुवारी नव्हतं पटलं. आज पटलं. बदलीचा अर्ज मी सोमवारी आगारात देईन, रांगेत उभा ऱ्हाऊन. लागंल येळ तर लागू दे."

शालनने डोळे पुसले आणि कागद पुन्हा वळला. या वेळी बघून. दोरा बांधला आणि स्वतःच्या हाताने त्याच्या कानावर ठेवला.

गल्लीत पोचले तेव्हा सुपं मांडीवर घेऊन बायका वाट बघत होत्या. दानेश्वरीने विचारलं, "काय शालनक्का, किती विड्या झाल्या?"

"एकच," त्रिंबकने कानावरची वळकटी काढून दाखवली. "पर खासदारानं सही केली." मग सगळं त्यानेच सांगितलं, रजिस्टरातल्या 'वैद्यकीय मदत'पासून 'सोलापूरची शालन कोण'पर्यंत. शालन मध्येच "येवढं काय न्हाय" म्हणत होती, पण तिचं कुणी ऐकून घेत नव्हतं.

तेवढ्यात त्रिंबकचा फोन वाजला. संघपाल होता. आगारातल्या विश्रांतीच्या खोलीतून, दोन फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत.

"अण्णा, दिला का अर्ज?"

बायकांचे हात थांबले. शालनने मान खाली घातली.

"न्हाय दिला, बाळा," त्रिंबक म्हणाला. "साहेबानं आपणहून इचारलं, तरी न्हाय दिला. तुझी आई जगासाठी मागत हुती. त्यात आपलं घालवंना मला."

पलीकडे बाकीच्या कंडक्टर-ड्रायव्हरांचा गलका चालला होता. त्रिंबकने फोन कानाला आणखी घट्ट लावला.

"आई खासदारापुढं बोलली?" संघपालने विचारलं. "आपली आई?"

"व्हय तर. मी समोर हुतो."

"काय बोलली?"

"ते मी कशाला सांगू? तीच सांगंल."

त्रिंबकने फोनचा स्पीकर लावला आणि फोन शालनच्या सुपाच्या कडेला ठेवला. पलीकडून संघपालचा आवाज आला, "ए, जरा गप बसा रे, माझी आई बोलणार हाय." शालन नको नको म्हणाली. दानेश्वरीने तिच्या हातात एक पान दिलं, स्वतःही एक घेतलं, मान ताठ केली आणि म्हणाली, "हं, बोला."

शालनची बोटं चालायला लागली. "साहेब, मी शालन सरवदे," ती म्हणाली. "मी विड्या वळते."

त्रिंबकला यातला शब्द न् शब्द पाठ होता. तरी तो जागचा हलला नाही. दानेश्वरीच्या सहाव्या विडीची गाठ बसली, भाषण संपलं, आणि नंदुरबारच्या त्या खोलीतून कितीतरी कंडक्टर-ड्रायव्हरांच्या टाळ्या फोनमधून फुटक्या आवाजात बाहेर आल्या. त्यात संघपाल ओरडून सगळ्यांना सांगत होता, "माझी आई हाय ती, माझी आई!"

त्रिंबकने खाकी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, सगळ्यांसमोर, आणि पुसलेले लपवलेही नाहीत.